शाळेतील फोनबंदी: कसोटी मुलांची की मोठ्यांची?

सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सरकारी शाळा उन्हाळी सुट्टीनंतर उघडल्या, तेव्हा विद्यार्थ्यांच्या दिनक्रमात एक मूलभूत बदल झालेला होता. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत स्मार्टफोन वापरण्यास राज्याच्या कायद्याने मनाई केली होती. केवळ तास चालू असतानाच नव्हे, तर जेवणाच्या सुट्टीत आणि एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातानाही. या वाटेने जाणारे न्यूयॉर्क हे पहिले राज्य नाही. फ्लोरिडाने २०२३ मध्येच तासांच्या वेळेत फोनला बंदी करणारा कायदा केला. टेक्ससने २०२५ मध्ये संपूर्ण शालेय दिवसासाठी बंदी आणली. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये संमत केलेल्या कायद्यानुसार तेथील प्रत्येक शालेय जिल्ह्याला फोनवापर मर्यादित करणारे धोरण १ जुलै २०२६ पर्यंत स्वीकारायचे आहे. शाळांतील फोनसंबंधी कायदा किंवा धोरण असलेल्या राज्यांची संख्या आता तीसच्या पुढे गेली आहे.

अमेरिकेच्या आजच्या दुभंगलेल्या राजकारणात फ्लोरिडा आणि न्यूयॉर्क, टेक्सस आणि कॅलिफोर्निया एका बाजूला उभे राहिल्याची उदाहरणे विरळाच. म्हणूनच या सहमतीकडे बारकाईने पाहायला हवे. सर्वांनाच पटणाऱ्या उपायाची कठोर तपासणी सहसा कोणी करत नाही. या बंदीविषयी बोलताना आपण मुलांच्या सवयी, मुलांचे व्यसन, मुलांची एकाग्रता यांचाच विचार करतो. प्रत्यक्षात आतापर्यंतचा अनुभव असे सुचवतो की बंदीचे यशापयश प्रामुख्याने मोठ्यांवर अवलंबून आहे. शाळा नियम कसा राबवते आणि पालक आपल्या कोणत्या सवयी सोडण्यास तयार होतात, यावर ते ठरते.

प्रश्न एकट्या शिक्षकाचा नव्हता

बंदीची मागणी सर्वप्रथम वर्गातून आली. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांना, म्हणजे हायस्कूलला शिकवणाऱ्या ७२ टक्के शिक्षकांनी फोनमुळे होणारे चित्तविक्षेपण ही आपल्या वर्गातील मोठी समस्या असल्याचे सांगितले. त्याआधी २०२३ मध्ये कॉमन सेन्स मीडियाने ११ ते १७ वयोगटातील मुलांच्या फोनवापराची नोंद केली होती. त्यातील निम्म्या मुलांना दिवसाकाठी २३७ किंवा त्याहून अधिक सूचना येत होत्या आणि त्यांपैकी सुमारे पाव हिस्सा शाळेच्या वेळेत. अशा वर्गात शिकवणारा शिक्षक हा एका अर्थी जगातील सर्वांत धनाढ्य कंपन्यांशी मुलांच्या लक्षासाठी स्पर्धा करत असतो.

बहुतेक शाळांत फोनसंबंधी नियम पूर्वीही होते. पण त्यांचा अंमल ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेला होता. एका तासाला गणिताच्या बाई फोन भिंतीवरच्या कप्प्यांत ठेवायला लावत आणि पुढच्या तासाला इतिहासाचे सर दुर्लक्ष करत. परिणामी नियम पाळायला लावणारा शिक्षक खलनायक ठरे आणि प्रत्येक तासाची पहिली काही मिनिटे वादात जात. ‘बेल टू बेल’ पद्धतीचे खरे वैशिष्ट्य हे की ती हा निर्णय शिक्षकाच्या खांद्यावरून उचलून संस्थेवर टाकते. फोन लॉकरमध्ये असो किंवा चुंबकी कुलुपाच्या पिशवीत असो, त्याविषयी वर्गात घासाघीस करण्याचे कारण उरत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. वर्गातील सर्वांकडे फोन असताना एकट्याने तो बाजूला ठेवणे म्हणजे मित्रांच्या संभाषणातून बाहेर पडणे. सर्वांचेच फोन एकाच वेळी बंद झाले, तर कोणाचेच काही हुकत नाही. जे एका मुलाला किंवा एका कुटुंबाला जमत नाही, ते समूहाला जमू शकते. बंदीच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे.

पुराव्यांचे संमिश्र चित्र

मात्र या उपायाकडून काय अपेक्षावे, याबाबत तारतम्य हवे. इंग्लंडमधील चार शहरांतील ९१ शाळांचा लुई-फिलिप बेलंड आणि रिचर्ड मर्फी यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदीनंतर विद्यार्थ्यांचे परीक्षेतील गुण सुधारले, आणि सर्वाधिक लाभ अभ्यासात मागे असलेल्या मुलांना झाला, असा त्याचा निष्कर्ष होता. हुशार गणल्या जाणाऱ्या मुलांच्या गुणांत फारसा फरक पडला नाही. स्वीडनमध्ये याच धर्तीवर अभ्यास झाला, तेव्हा तेथे असा परिणाम आढळला नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी ३० शाळांतील १,२२७ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कडक बंदी असलेल्या आणि फोनला मुभा असलेल्या शाळांतील मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यांना लक्षणीय अंतर दिसले नाही. त्याच अभ्यासात एकूण फोनवापर जितका अधिक, तितके मानसिक स्वास्थ्य, झोप आणि वर्गातील वर्तन खालावलेले, हा संबंधही आढळला. मेख येथे आहे. शाळा मुलाच्या दिवसातील सहा-सात तास सांभाळते. उरलेले तास घराच्या ताब्यात असतात. शाळेत वाचलेली मिनिटे घरी भरून निघत असतील, तर एकूण वापरात फारसा फरक पडणार नाही. मुलांच्या नैराश्यावर शाळेच्या फोनबंदीने उतारा मिळेल, असे आश्वासन देणारे राजकीय नेते म्हणूनच पुराव्यांच्या पुढे धावत आहेत.

भारतातील एक प्रयोगही या संदर्भात लक्षणीय आहे. दहा उच्चशिक्षण संस्थांतील सुमारे १७ हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या या प्रयोगात काही वर्गांत तास सुरू होण्यापूर्वी फोन जमा करून घेतले गेले. त्या विद्यार्थ्यांच्या गुणांत माफक वाढ झाली आणि येथेही मागे असलेल्या विद्यार्थ्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे इंग्लंड आणि भारत यांसारख्या भिन्न समाजांतून एक समान सूत्र पुढे येते: फोनबंदी ही प्रामुख्याने त्या मुलांच्या हिताची आहे, ज्यांच्या घरी एकाग्रतेची शिस्त लावणारे किंवा शिकवणी परवडणारे पालक नसतील. ‘आमचा मुलगा फोन असूनही उत्तम गुण मिळवतो, मग बंदी कशाला?’ हा सुस्थित पालकांचा आक्षेप त्यांच्यापुरता कदाचित खराही असेल. पण सार्वजनिक शाळेचा नियम केवळ त्यांच्यासाठी नसतो.

शिक्षेची किंमत कोण मोजतो?

या न्यायाच्या बाजूलाच अन्यायाचीही शक्यता दडलेली आहे. न्यूयॉर्क शहराने ती पूर्वी अनुभवली आहे. मायकल ब्लूमबर्ग महापौर असताना तेथील सरकारी शाळांत फोन आणण्यासच बंदी होती. मात्र तिचा खराखुरा अंमल जेथे प्रवेशद्वाराशी धातुशोधक यंत्रे होती, त्याच शाळांत होई, आणि अशा शाळा बहुतांशी गरीब वस्त्यांतल्या. त्या शाळांबाहेर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत दिवसाला एक डॉलर देऊन मुले फोन ठेवत. इतर शाळांतील मुले मात्र फोन खिशात घालून बिनदिक्कत आत जात. नियम एकच, पण त्याचे भाडे गरिबांनी भरायचे, अशी ती अवस्था होती. २०१५ मध्ये बिल डी ब्लासिओ यांच्या प्रशासनाने ती बंदी उठवली.

फ्लोरिडाच्या ताज्या अनुभवातूनही असाच इशारा मिळतो. तेथील एका मोठ्या शहरी शालेय जिल्ह्याचा डेव्हिड फिग्लिओ आणि उमुत ओझेक यांनी केलेला अभ्यास ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदीच्या पहिल्या वर्षी निलंबनाच्या कारवाया वाढल्या आणि त्यांची झळ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अधिक बसली. दुसऱ्या वर्षी ही वाढ ओसरली, परीक्षेतील गुण सुधारले आणि विनाकारण गैरहजेरीही घटली. म्हणजे लाभ मिळाला, पण तो मिळेपर्यंतची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. लक्ष विचलित होऊ नये म्हणून केलेल्या नियमाने मुलाला शाळेबाहेरच काढले, तर त्या नियमाचा हेतूच पराभूत होतो.

न्यूयॉर्कच्या नव्या कायद्यात हा धडा काही अंशी गिरवलेला दिसतो. केवळ फोनचा नियम मोडला म्हणून विद्यार्थ्याला निलंबित करता येत नाही. कारवाई कोणावर झाली, याचा तपशील शाळांना दरवर्षी जाहीर करावा लागतो. फोन साठवण्याच्या सोयीसाठी राज्याने १ कोटी ३५ लाख डॉलरची तरतूद केली. मधुमेहासारख्या आजारात रक्तातील साखरेवर फोनद्वारे लक्ष ठेवावे लागणारी मुले, विशेष शैक्षणिक गरजा असलेली मुले, भाषांतरासाठी फोन लागणारे नवागत विद्यार्थी आणि घरी कोणाच्या शुश्रूषेची जबाबदारी असलेले विद्यार्थी यांना सवलत आहे. इतर राज्यांतील पालकांनी आपल्या शालेय जिल्ह्याचे धोरण वाचताना या तरतुदी आहेत की नाहीत, हे अवश्य तपासावे.

फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण?

बंदीला सर्वांत तीव्र विरोध विद्यार्थ्यांकडून होईल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात मोठा विरोध पालकांकडून आला. त्यामागील मुख्य कारण हसण्यावारी नेण्याजोगे नाही. शाळेत गोळीबार झाला तर मुलाशी संपर्क कसा होणार, हा या देशातील पालकाच्या मनातील प्रश्न काल्पनिक नाही. २०२२ मध्ये टेक्ससमधील युवाल्डी येथे वर्गात अडकलेल्या मुलांनी फोनवरूनच मदत मागितली होती. त्यावर शालेय सुरक्षेच्या अनेक तज्ज्ञांचे उत्तर असे की संकटात मुलाचे लक्ष शिक्षकाच्या सूचनांकडे असायला हवे. फोनचा आवाज किंवा प्रकाश लपलेल्या मुलांचा ठावठिकाणा उघड करू शकतो. आणि शेकडो पालकांनी एकाच वेळी फोन केल्यास संपर्कयंत्रणा कोलमडते. हा युक्तिवाद बुद्धीला पटतो, पण आईवडिलांच्या मनाचे समाधान करत नाही. शाळांनी संकटकाळी पालकांना किती वेळात आणि कोणत्या मार्गाने कळवले जाईल, हे लेखी सांगितल्याशिवाय हा विश्वास निर्माण होणार नाही.

परंतु शाळेच्या वेळेत पालकांकडून जाणारे बहुसंख्य संदेश संकटाचे नसतात, हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. आपल्या समाजात तर याला काही खास छटा आहेत. गुणांच्या पोर्टलवर चाचणीचा निकाल झळकतो आणि कार्यालयातील बैठकीत बसलेला पालक पुढच्याच मिनिटाला मुलीला विचारतो, ‘अठ्ठ्याऐंशीच का?’ ती तेव्हा पुढच्या तासाला बसलेली असते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे अकरा वाजतात, तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ झालेले असतात. आजी-आजोबांची जेवणे आटोपलेली असतात आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटाला नेमकी तेव्हाच जाग येते. सणासुदीच्या दिवशी नातवाच्या खिशातील फोन किती वेळा थरथरत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. डबा खाल्लास का, क्लासला कोण सोडणार, अर्जावर सही राहिली आहे, अशा संदेशांमागे प्रेमच असते. तरीही त्या क्षणी मुलाचे लक्ष वर्गातून बाहेर खेचणारे आपणच असतो.

प्यूच्याच जुलै २०२५ मधील अहवालानुसार ७४ टक्के अमेरिकी प्रौढांना माध्यमिक शाळांतील तासांच्या वेळेत फोनबंदी मान्य आहे. संपूर्ण दिवसाच्या बंदीला मात्र ४४ टक्क्यांचाच पाठिंबा आहे. आदल्या वर्षी हा आकडा ३६ टक्के होता. दोन प्रश्नांच्या उत्तरांतील या तफावतीत मोठ्यांची द्विधा मनःस्थिती प्रतिबिंबित होते. मुलांनी एकाग्र व्हावे असे आपल्याला वाटते, आणि आपण हाक मारताच त्यांनी उत्तर द्यावे, असेही वाटते.

वडगावचा भोंगा

या द्विधेतून मार्ग काढण्याचा एक नमुना महाराष्ट्रातच सापडतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक निर्णय घेतला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि पुढील दीड तास घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद ठेवायचे. कोविडच्या काळात ऑनलाइन शिक्षणामुळे मुलांच्या हाती आलेला फोन सुटेना, म्हणून ग्रामसभेत हा उपाय ठरला. त्याचे मर्म भोंग्यात नव्हते. फोन मुलांबरोबर मोठ्यांनीही खाली ठेवायचा होता आणि तो सगळ्या गावाने एकाच वेळी ठेवायचा होता, म्हणून मुलांना ही शिक्षा वाटण्याचे कारण उरले नाही.

अमेरिकेतील शाळांनी यातील अर्धा भाग स्वीकारला आहे. मुलांचे फोन एकाच वेळी बंद झाले आहेत. मोठ्यांचा वाटा बाकी आहे. तो उचलायचा, तर काही गोष्टी आजही करता येतील. शाळेच्या कार्यालयाचा क्रमांक फोनमध्ये नोंदवून तातडीचा निरोप त्याच मार्गाने द्यावा. गुणांच्या पोर्टलच्या सूचना बंद करून ते आठवड्यातून एकदा मुलासोबत बसून पाहावे. भारतातील नातलगांना शाळेची वेळ कळवून बोलण्यासाठी शनिवार-रविवार ठरवून द्यावा. शालेय मंडळाच्या बैठकीत बंदी हवी की नको, एवढाच वाद न घालता नियम मोडणाऱ्या मुलाचे काय होते, सवलती कोणाला आहेत आणि आणीबाणीत निरोप कसा येतो, हे तीन प्रश्न विचारावेत. आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आपलाही फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.

कायदा फक्त शेवटच्या घंटेपर्यंतचा फोन बंद करू शकतो. ती घंटा झाल्यावर मूल पहिल्यांदा काय पाहते, हे बऱ्याच अंशी घरातील मोठी माणसे त्या वेळी काय पाहत असतात, यावर ठरेल.