‘माझी पुस्तक’

मुलाची उंची आपण दाराच्या चौकटीवर रेघ ओढून मोजतो. त्याच्या भाषेच्या वाढीकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष नसते. इंदुरात होळकरांच्या काळापासून नांदणाऱ्या मराठी घरांतही उंबरठा ओलांडला की हिंदीचे राज्य सुरू होते. चार वर्षांचे मूल अंगणातून येऊन विचारते, “माझी पुस्तक कुठे गेली?” आणि वडीलधारी मंडळी खो खो हसतात. वस्तुतः यात हसण्याजोगे काय आहे? हिंदीत लिंगे दोनच, आणि ‘पुस्तक’ तेथे स्त्रीलिंगी. मराठीत तिसरेही लिंग आहे. दोन व्याकरणे त्या चिमुकल्या डोक्यात एकाच वेळी घडत असतात. (आपण मोठ्यांनी एवढा उद्योग कधी केला?)

पण वारंवार हसे झालेले मूल मराठीत बोलणेच टाळते, हिंदीतून उत्तरे देऊ लागते. आणि मग आपण दोष ठेवतो तो शेजाऱ्यांच्या भाषेवर! माझ्या मते चूक काढूच नये. “तुझं पुस्तक ना? ते बघ फडताळात,” एवढे सहज म्हणावे, कान आपोआप तयार होतो. मात्र त्यासाठी मुलाशी रोज घटकाभर निवांत बोलावे लागते. ही सवड आजीपाशी असते. आईबापांनी ती कोठून काढावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.