यंत्र आलं, चकत्यांचं काय?

सरकारी रुग्णालयाला ईसीजीचं नवं यंत्र मिळालं की त्याची बातमी होते. छातीवर चिकटवायच्या चकत्यांचा साठा किती आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. हृदयाची वीज त्वचेपर्यंत येते तेव्हा ती जेमतेम एक मिलिव्होल्ट उरते, म्हणजे टॉर्चमधल्या दीड व्होल्टच्या सेलचा दीड हजारावा भाग. ती पकडते ही चकती: मधोमध सिल्व्हर क्लोराइडचा थर दिलेलं बटण, त्याखाली खारं जेल, भोवती चिकट फोम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डच शास्त्रज्ञ आइंटहोव्हेन यांनी ईसीजी काढला तेव्हा रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवावे लागत. आज तेच काम जेलचा एक थेंब करतो. पाकीट फोडून ठेवलं की हा थेंब सुकू लागतो, आणि मे महिन्यात खामगाव-शेगावकडे पारा चाळिशीपार असतो. सुकलेल्या चकतीवर, किंवा घामाने ओल्या छातीवर लावलेल्या चकतीवर, कागदावरची रेघ थरथरते. मग डॉक्टरांनी वाचायचं काय?

बुलढाणा जिल्ह्यात या रेघेची गरज दुहेरी आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा खारपाणपट्टा, आणि तिथे मूत्रपिंडाच्या आजाराचं दुखणं जुनं आहे. मूत्रपिंड थकलं की रक्तातलं पोटॅशियम वाढतं. ते जीवघेण्या पातळीला गेल्याची खूण अनेकदा रक्ताच्या अहवालाआधी ईसीजीत दिसते, कारण रेघेतली टी-लहर उंच आणि टोकदार होते. छातीत दुखत असलेल्या रुग्णाचा ईसीजी तर दहा मिनिटांत निघावा, असा वैद्यकीय दंडक आहे. आता तालुक्याला काढलेला ईसीजी दूरच्या तज्ज्ञाकडे काही क्षणांत पाठवता येतो. पण तज्ज्ञापुढे जातं ते चकतीने जे पकडलं तेवढंच. अँजिओप्लास्टीसाठी रुग्णाला अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला हलवायचं, की आधी गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायचं, हा निर्णय त्या रेघेवर ठरतो. बायकांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आडोसा नसेल, जवळ परिचारिका नसेल, तर संकोचापोटी पदर-ब्लाउज न सरकवता चकत्या वर कुठेतरी लावल्या जातात. जागा चुकली की रेघही चुकते. त्या खोलीत एक पडदा लावायला असा किती खर्च येणार आहे?

यावर म्हटलं जाईल की छातीवर बसवायचे रबरी बल्ब आणि हातापायांचे चिमटे आहेतच, ते पुन्हा पुन्हा वापरता येतात. चकत्या एकदा वापरून फेकायच्या, त्याने खर्चही वाढतो आणि जैववैद्यकीय कचराही. यात तथ्य आहे. एकदाच काढायच्या ईसीजीला बल्ब पुरतात. फक्त दर रुग्णानंतर ते पुसले पाहिजेत आणि जेली ताजी हवी. सगळीकडे चकत्याच वापरा, असा माझा आग्रह नाही. पण मॉनिटरवर तासन्‌तास ठेवलेल्या रुग्णाला किंवा १०८ च्या धावत्या रुग्णवाहिकेत बल्ब टिकत नाहीत, तिथे चकतीच लागते. हृदय बंद पडल्यावर धक्का देणाऱ्या यंत्राच्या पट्ट्यांवर तर मुदतीची तारीख छापलेली असते, आणि ती उलटली की पट्टीचा भरवसा राहत नाही. फिजिओथेरपीतल्या टेन्स यंत्राचंही तसंच. जीर्ण पट्टी नीट चिकटत नाही, वीज एकाच जागी एकवटते आणि कातडी पोळते. एक चकती काही रुपयांना येते. तेवढी काटकसर करून लाखाचं यंत्र निकामी ठेवणं हा शहाणपणाचा हिशेब नाही.

बुलढाण्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. चकती लावण्याआधी छाती कोरडी पुसणं, गरज असल्यास केस काढणं, फासळ्या मोजून जागा ठरवणं हे अर्ध्या दिवसात शिकवता येतं, आणि तालुक्यांतल्या परिचारिका-तंत्रज्ञांना ते या महाविद्यालयाने शिकवावं. जिल्हा नियोजन समितीने यंत्रखरेदीला मंजुरी देताना वर्षभराच्या चकत्या, जेली आणि पट्ट्यांची तरतूद त्याच प्रस्तावात धरावी. आणि यंदाचा साठा उन्हाळ्याआधी, फेब्रुवारीतच तपासून घ्यावा.