चढणीची वाट

'माणसं देशोधडीला लागली, अन् तू मासा कसला घेऊन बसलास?' असं तुमच्यातला कुणी म्हणेल. म्हणू दे. दोघांना एकाच भिंतीनं अडवलंय.

पाटण तालुक्यात कोयनेवर १०३ मीटरची भिंत १९६४ साली पुरी झाली. गावं बुडाली. पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं, त्याची वीज झाली. आपल्या शहरी उजेडात ती नदी आहे.

नदीकाठची माणसं चढणीचे मासे ओळखतात. पहिल्या पुराला मासा धारेविरुद्ध वर जातो, अंडी घालतो. महाशीर त्यातलाच. पुण्याकडच्या महाशीराला साइक्स नावाच्या इंग्रज फौजी अधिकाऱ्यानं १८३९ साली शास्त्रात नाव दिलं 'खुद्री'. शब्द इथल्या माणसांच्या तोंडचा, मान साहेबाचा.

त्याच साहेबाच्या इंग्लंडात १८६१ च्या कायद्यानं सामन माशाच्या नदीवर नवा बांध घालायचा तर माशाला वाट ठेवणं सक्तीचं झालं. स्कॉटलंडात पिटलॉक्रीच्या वीजधरणाला १९५० च्या सुमारास ३४ टाक्यांची शिडी बांधली. मासा एकेक टाकी चढत वर जातो. अन् आपल्याकडं १८९७ चा मासेमारी कायदा : पाण्यात सुरुंग उडवणाऱ्याला, विष कालवणाऱ्याला शिक्षा. ठीकच आहे. पण आख्खी नदी अडवणाऱ्याला कोण जाब विचारणार? गरिबाच्या हातातला सुरुंग गुन्हा, सरकारी सिमेंट विकास!

'१०३ मीटर शिडी कुठला मासा चढेल?' हा इंजिनेराचा सवाल खरा आहे. एवढ्या भिंतीला शिडीचा उपाय नाही. पण खालच्या नदीवरचे बुटके बंधारे? तिथं अडचण उंचीची नाही, दानतीची आहे. चढणीच्या दिवसांआधी फळ्या सगळ्या काढा. पक्क्या बांधाला एका अंगानं टप्प्याटप्प्याची वाट करा. कुठून करायची ते भोयांना, कातकऱ्यांना विचारा. त्यांच्या पिढ्या त्या पाण्यात उभ्या आहेत.

लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात महाशीराची पिल्लं वाढवतात, पाण्यात सोडतात. काम चांगलं. पण पिल्लं सोडायची अन् वाट बंदच ठेवायची, हे धरणग्रस्ताला रेशनचं पोतं देऊन जमीन नाकारण्यासारखं झालं. पोतं संपतं. पुन्हा हात पसरावा लागतो.

म्हणून पुढच्या बंधाऱ्याचा कागद गावात आला की पाणी किती साठणार हे मागून विचारा. पहिला सवाल हा : वर जाणारं कोण कोण अडणार?