हातचे आणि पळते

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जालन्याच्या मोंढ्यात एक फेरफटका मारावा. आडतदुकानांतून नव्या चोपड्या मांडलेल्या असतात, त्यांवर हळदकुंकू पडलेले असते आणि एरवी भावावरून हुज्जत घालणारे शेठजी त्या चोपड्यांपुढे हात जोडून उभे असतात. हिशेबाची पूजा करणारा आपला समाज आहे. परंतु ही पूजा आपण जमेच्या हिशेबाची करतो. ज्यांच्या वहीत जमा आणि खर्च यांच्यामध्ये बोटभरही जागा उरत नाही, त्यांचे हिशेब आपल्या कानांवर येत नाहीत. आले तरी ‘फुकट मिळाले की माणूस आळशी होतो’ हे ठेवणीतले वाक्य उच्चारून आपण फराळाच्या ताटाकडे वळतो.

वाचकहो, असाच एक हिशेब आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. तो याच जिल्ह्यातला, घनसावंगी तालुक्यातल्या एका लहानशा गावचा. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने 2025 च्या जून महिन्यात तो वहीच्या मागल्या पानावर करून आणला आणि विचारले, “सर, माय म्हणती, हातातलं सोडू का पळत्यामागं लागू? तुम्हीच सांगा.”

प्रश्न असा होता. मुलीचे वडील वारले आहेत. आईला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा दीड हजार रुपये मिळतात. गावच्या शाळेत मुलांचे दुपारचे जेवण शिजविण्यासाठी एक जागा रिकामी झाली, आणि ‘ही बाई स्वच्छ आहे, हाताला चव आहे’ म्हणून समितीने तिला विचारणा केली. मानधन महिना अडीच हजार. आता दीड हजारापेक्षा अडीच हजार जास्त, हे सांगावयास प्राध्यापक कशाला हवा, असे कुणालाही वाटेल. मलाही क्षणभर वाटले. पण पोरीने पुढचे आकडे दाखविले.

शाळेचे हे मानधन वर्षातून दहा महिने मिळते. दहा महिन्यांचे झाले 25,000 रुपये. निराधार योजनेचे दीड हजार बाराही महिन्यांचे. त्यांचे होतात 18,000. आणि या योजनेची अट अशी की, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या वर जाता कामा नये. म्हणजे शाळेतली पळी हाती घेतली की उत्पन्न मर्यादेच्या चार हजार रुपये वर जाते आणि अठरा हजारांवर पाणी सोडावे लागते. पंचवीसांतून अठरा गेले, उरले सात हजार. शाळेचे दिवस वर्षाला साधारण 220 धरले, तर रोजचे पडले बत्तीस रुपये. चुलीपुढे उभे राहावयाचे, भांडी घासावयाची, शे-दीडशे ताटे वाढावयाची, आणि पदरात अधिक काय, तर बत्तीस रुपये!

एवढा हिशेब लेकीचा. आईने तो ऐकला आणि एका वाक्यात उरलेली बाकीही खोडून टाकली: “पगार धा म्हैन्याचा, पोट बारा म्हैन्याचं. अन् दसऱ्यानंतर कापूस कोण वेचील?” दसऱ्यापासून पुढे कापूस वेचणीचे दिवस. किलोवर मजुरी मिळते आणि ऐन दुपारचीच वेळ कामाची असते. तीच वेळ शाळेत गेली की वेचणीचे चार पैसे गेले. सात हजारांचा लाभ असा बघता बघता तोट्यात निघाला.

तेव्हा पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी की, ही बाई आळशी नाही. ती खुरपते, वेचते, कुणाच्या घरी कार्य निघाले तर शंभर माणसांच्या पोळ्या लाटते. तिच्या कष्टाला कुणाचीच बंदी नाही. बंदी आहे ती सहीला. ज्या कामाचा कागद होत नाही ते वाटेल तितके करावे. ज्या कामाच्या पुस्तकात नाव चढते, महिन्याच्या महिन्याला सही होते, ते काम केले की अनुदान गेले. कायद्याने असा विचार केला नसेल. पण नियमाचा निष्कर्ष मात्र असाच निघतो.

मर्यादेचा हा आकडा जरा नीट पाहण्याजोगा आहे. वर्षाचे 21,000 म्हणजे महिन्याचे 1,750. अनुदानाची रक्कम 2023 साली एक हजारावरून दीड हजार झाली. मर्यादेचा आकडा होता तिथेच राहिला. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर 2025-26 साली दिवसाला 312 रुपये ठरला. त्या दराने अडुसष्ट दिवस काम केले की 21,216 रुपये होतात. शंभर दिवसांच्या कामाची हमी तेव्हा सरकार एका हाताने देत होते, आणि अडुसष्टाव्या दिवशी दुसरा हात त्या बाईला सांगत होता की, बाई, तू आता श्रीमंत झालीस!

यावर एखादा जाणता वाचक म्हणेल, ‘अहो, मग लाडकी बहीण योजना आहे की!’ खरे आहे. 2024 साली निघालेल्या त्या योजनेतही दीड हजारच मिळतात, पण तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. म्हणजे घरात कमावता नवरा असलेली शेजारीण शाळेत स्वयंपाकाला लागली, तर तिचे दीड हजार शाबूत राहतात; विधवा बाई लागली, तर जातात. मग हिने त्या योजनेत का जाऊ नये? तर दुसऱ्या योजनेतून दीड हजार मिळत असतील त्या बाईला तिथे प्रवेश नव्हता, आणि त्या योजनेच्या अर्जांची अखेरची तारीख 15 ऑक्टोबर 2024 ही होती. त्या दिवशी ही बाई निराधार योजनेत होती. दोन दारांच्या मधल्या वाऱ्यात उभे राहणे म्हणतात ते हेच.

काम की अनुदान, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. उलट, आपल्या राज्याने या प्रश्नाला दिलेले एक उत्तर साऱ्या देशाने उचलले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग केला. गरिबाला दान नको, मागेल त्याला काम द्या, एवढेच त्याचे सार. पुढे 1972 चा दुष्काळ आला. मराठवाड्यात रस्त्यांच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायामाणसांच्या रांगा लागल्या. (जालना जिल्हा तेव्हा व्हायचा होता, तो 1 मे 1981 रोजी औरंगाबादेतून वेगळा निघाला.) त्या पिढीतल्या वडीलधाऱ्यांना विचारावे; सुकडीची चव आणि हातावरचे फोड ती मंडळी अजून विसरलेली नाहीत. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला, आणि 2005 साली केंद्राने तसाच कायदा देशासाठी केला. मुंबईच्या कायद्यात आणखी एक खुबी होती. पंधरा दिवसांत काम देता आले नाही, तर सरकारने बेकारभत्ता द्यावा, दिवसाला निदान एक रुपया. म्हणजे भत्ता हा सरकारच्या चुकीचा दंड होता. मुख्य हक्क कामाचा.

आणि या कामाला पैसा कुणी दिला? आपण! नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापण्याचा कायदा 1975 साली झाला, तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. पगाराच्या चिठ्ठीत महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे अशी जी कपात दिसते, ती वर्षाची अडीच हजार होते. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईचा नेमका एका महिन्याचा मोबदला! तेव्हा हा प्रश्न घनसावंगीचा आहे, आपला नाही, असे म्हणण्याची सोय शहरातल्या सुखवस्तू कुटुंबांना राहिलेली नाही.

विलायतेत हा वाद दोनशे वर्षांपूर्वी रंगला. 1795 साली बर्कशायरच्या न्यायाधीशांनी स्पीनहॅमलंड येथे बसून ठरविले की, पावाच्या भावाप्रमाणे मजुराची मजुरी कमी पडेल तेवढी गावनिधीतून भरून द्यावी. टीकाकार म्हणाले, याने मालक मजुरी वाढवीत नाहीत. 1834 साली कायदा उलट फिरला: मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत गरीब मजुराहूनही वाईट ठेवावी, म्हणजे कुणी मदत मागणारच नाही. त्या निर्दयपणाची कथा डिकन्सच्या वाचकांना ठाऊक आहे. अखेरीस त्याच देशाने मधला मार्ग काढला. 2013 पासून आलेल्या तिथल्या नव्या भत्त्यात माणूस कामाला लागला म्हणून भत्ता एकदम बंद होत नाही. मिळकत वाढेल तसा तो उतरत जातो. 2021 पासून ठरावीक मर्यादेवरच्या दर पौंडामागे 55 पेनी कापले जातात, 45 हातात राहतात. कड्यावरून ढकलण्याऐवजी जिना बांधला, इतकाच फरक. तो जिना फार सुखाचा आहे असे नव्हे, पण पायरीवर पाय तरी ठरतो.

आपल्याकडे हा जिना बांधणे अवघड आहे काय? मला तसे वाटत नाही. पहिली पायरी, मर्यादेचा आकडा मजुरीच्या दराशी जोडावा. मजुरी वाढली की तोही वाढावा. दुसरी, उत्पन्न थोडे वर गेले तर अनुदान थोडे कमी व्हावे, साफ बंद होऊ नये. आणि तिसरी, जिला मी सर्वांत मोलाची मानतो: काम सुटले तर अनुदान विनासायास परत मिळावे.

कारण त्या माउलीच्या मनातली खरी भीती आकड्यांत नव्हतीच. शाळेत किती स्वयंपाकिणी ठेवावयाच्या ते मुलांच्या पटावर ठरते. पंचवीसपर्यंत पट असेल तर एक, सव्विसापासून शंभरापर्यंत दोन, आणि पुढे दर शंभरामागे आणखी एक. दिवाळी झाली की गावातली बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात, काही कायमची शहरात जातात, आणि पट सव्विसाचा पंचवीस झाला की एका बाईची पळी जाते. मग पुन्हा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, तालुक्याच्या गावी खेटे आणि समितीची बैठक कधी भरेल त्याची वाट. नोकरी क्षणात जाते, अनुदान महिनोन् महिने येत नाही. ज्याच्या घरात महिनाभराची शिल्लक आहे त्याने धाडस करावे. जिच्या घरात आठवड्याची ज्वारी आहे, तिच्यासाठी ते धाडस नव्हे, जुगार आहे.

तरीही एक गोष्ट पलड्याच्या दुसऱ्या बाजूला टाकली पाहिजे. मराठी शिकविण्याचा माझा धंदा. शब्दांकडे लक्ष जाते. अनुदानाच्या कागदावर त्या बाईचे नाव ‘निराधार’. शाळेच्या कागदावर तिचे नाव ‘मदतनीस’. जिला आधार नाही ती, आणि जी दुसऱ्याला मदत करते ती! मुलीने मला सांगितले की, आईला त्या जागेचा मोह पडला होता तो पैशाचा नव्हता. गावातली पोरे ‘मावशी’ म्हणून हाक मारतील, गुरुजी ‘बाई’ म्हणतील, कुणी ‘निराधारवाली’ म्हणणार नाही, हे तिच्या मनात होते. हा मान वहीत कोणत्या रकान्यात मांडावयाचा? मांडता येत नाही म्हणून तो नसतोच असे थोडेच आहे?

मी मुलीला काय सांगितले, ते सांगतो. नोकरीतून पुढची वाट निघत असेल, तर पहिल्या वर्षीचा तोटा सोसावा. लहानशा पगारावर सुरुवात करून माणसे पुढे गेल्याची उदाहरणे आपल्या सर्वांच्या घरांत आहेत. पण ज्या जागेवर बढती नाही, वाढ कधी होईल त्याचा नेम नाही आणि उद्याची शाश्वती नाही, तिथे बाराही महिने येणारे दीड हजार सोडू नयेत. निदान तुझे शिक्षण पुरे होईतो तरी सोडू नयेत. आईने तसेच केले. जागेला नकार कळविला. आता तिथे दुसरी एक बाई स्वयंपाक करते, आणि ती चांगला करते असे ऐकतो.

एका कष्टाळू, सुगरण बाईने सरकारी काम नाकारले आणि हिशेबाने ती बरोबर होती. खेदाची गोष्ट ही आहे. तिचा नकार नव्हे, तर तो नकारच शहाणपणाचा ठरविणारा तो 21,000 चा आकडा. लेखणीच्या एका फटकाऱ्याने बदलता येईल असा तो आहे. तो बदलेपर्यंत आपण एवढे तरी करू या: काम नको म्हणणारी एखादी गरीब बाई भेटली, तर तिला आळशी ठरविण्याआधी तिची वही मागून पाहावी. बहुधा तिचा हिशेब आपल्यापेक्षा चोख असेल.