घरच शाळा होते तेव्हा

मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवायचे, असा निर्णय घेणारी कुटुंबे आता आपल्या नात्यागोत्यातही आढळू लागली आहेत. या निर्णयाची चर्चा बहुधा आईवडिलांपुरती होते. परंतु घरात तीन मुले दिवसभर असतील, त्यातच स्वयंपाक, धुणे, औषधपाणी आणि पाहुण्यांची ये-जा चालू असेल, तर त्या घरातील आजी-आजोबांची दिनचर्या मुळापासून बदलते. म्हणून या वेळी हा विषय आपल्या बाजूने, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांच्या आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांच्या बाजूने पाहू.

प्रथम कायद्याविषयी थोडे. शिक्षण हक्काचा कायदा 2009 साली संमत झाला. त्याने 6 ते 14 वयोगटातील मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. गृहशिक्षणाच्या नोंदणीची वेगळी तरतूद मात्र त्यात नाही. घरी शिकणारी पुष्कळ मुले पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षा देतात. तिसरी, पाचवी व आठवीच्या तोडीचे तिचे तीन स्तर आहेत आणि दहावीसाठी किमान वय 14 वर्षे आहे. घरचा प्रयोग जमला नाही, तरी मुलाला वयानुरूप इयत्तेत प्रवेश मिळावा, अशी सोय कायद्यात आहे. तेव्हा परतीचा मार्ग खुला आहे, हे सर्वांनी लक्षात ठेवावे.

एक काम, तीन धडे

समजा, घरात नऊ, सहा आणि तीन वर्षांची मुले आहेत. तिघांचे तीन वेगळे तास घेऊ लागल्यास दुपारपर्यंत आईचा घसा बसेल आणि चूलही थंड राहील. शाळेचे पाच-सहा तास घरी उभे करण्याची गरज नसते. हजेरी, रांगा, चाळीस वह्यांची तपासणी यांत जाणारा वेळ घरी वाचतो. लहान वयात समोर बसून शिकवणे थोडा वेळच पुरते. बाकीचे शिक्षण कामातून होते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात हेच करून दाखवले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर भरवावी, हा त्यांचा मार्ग होता. पाने, बिया, शिंपले यांसारख्या आसपास सहज मिळणाऱ्या वस्तू त्यांनी शिकवण्यासाठी वापरल्या.

आपल्या घरात अशा वस्तू कमी नाहीत. महिन्याचे सामान आले की नऊ वर्षांच्या नातीने यादीवरून हिशेब ताडून पाहावा आणि पाव किलोचा भाव सांगावा. सहा वर्षांच्या नातवाने डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लिहाव्यात. धाकट्याने वाट्या-झाकणे लहान-मोठी लावावीत. कडधान्ये, मणी, शेंगदाणे मात्र त्या वयाच्या मुलाच्या हाती एकट्याने देऊ नयेत. ते नाकात वा घशात अडकतात. नाकात गेलेला वाटाणा ओलाव्याने फुगतो. तो घरी चिमट्याने काढू पाहू नये, डॉक्टरांकडे जावे.

आपला वाटा किती?

आजी-आजोबांचा वाटा अमूल्य आहे, पण त्याला मोजमाप हवे. अनेक ज्येष्ठ थकले तरी बोलत नाहीत. आपण नको म्हटले तर सून एकटी पडेल, मुलगा दुखावेल, असे त्यांना वाटते. हे मौन कुणाच्याच हिताचे नसते. मनाविरुद्ध वाहिलेला भार पाठीत, झोपेत आणि रक्तदाबात दिसू लागतो. आणि ज्या दिवशी आपण अंथरुणाला खिळतो, त्या दिवशी घराची सारी घडीच विस्कटते.

म्हणून आपला वेळ स्पष्ट शब्दांत सांगावा. "सूनबाई, दहा ते अकरा मुले माझ्याकडे. गोष्ट, पाढे, वाचन मी घेईन. जेवणानंतर मात्र मला पडू द्यायचे." इतके सांगितल्याने प्रेम कमी होत नाही. उलट त्या एका तासावर सुनेला निश्चिंतपणे विसंबता येते, आणि बेभरवशाच्या चार तासांपेक्षा तिला तो अधिक उपयोगी पडतो.

त्या तासातही काही पथ्ये पाळावीत. जमिनीवर मांडी घालून बसण्याचा हट्ट नको. आपण खुर्चीवर, मुले पाटावर. धाकट्याला कमरेत वाकून उचलू नये. त्याला सोफ्यावर चढू द्यावे आणि मग मांडीवर घ्यावे. तास संपला की खेळणी, पट्ट्या, खडू टोपलीत गेलेच पाहिजेत, कारण फरशीवरचा एक खडू आपल्याला पाडण्यास पुरेसा असतो. वाचताना उजेड पुस्तकावर पडेल असा दिवा ठेवावा.

मुले पुटपुटतात, नीट बोलत नाहीत, असे आपल्याला वारंवार वाटते का? वाढत्या वयात उंच पट्टीचे आवाज आधी अस्पष्ट होतात आणि मुलांचा आवाज त्याच पट्टीतला असतो. त्यांना रागावण्यापूर्वी आपली श्रवणचाचणी करून घ्यावी. शिकवताना अधूनमधून पाण्याचे घोट घ्यावेत, आणि आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

मधुमेह असणाऱ्यांनी धड्यासाठी जेवणाची वेळ पुढे ढकलू नये. इन्सुलिन किंवा गोळी घेतल्यावर घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. शुद्ध असेल आणि गिळता येत असेल, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्यावी. अशा वेळी काय आणून द्यायचे आणि कुणाला हाक मारायची, हे घरातील मोठ्या नातवंडाला शिकवून ठेवावे. हाही एक महत्त्वाचा धडाच आहे.

आपली औषधे उशाशी ठेवण्याची सवय मात्र सोडावी. मुले दिवसभर घरात असताना रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या व लोहाच्या गोळ्या कुलपातच असाव्यात.

शाळेसोबत काय सुटते?

शाळेत न जाणारे मूल काही आरोग्यसेवांनाही मुकू शकते, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणी अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत होते. फळा दिसत नाही, ही तक्रार घरी उद्भवतच नाही, कारण फळाच नसतो. म्हणून वर्षातून एकदा डोळे, कान, दात, उंची व वजन यांची तपासणी ठरवून करावी. जंतनाशक दिनाची गोळी शाळेत न जाणाऱ्या मुलांना अंगणवाडीत मिळते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते. तिची नोंद दिनदर्शिकेत आजोबांनी ठेवावी.

पाच वर्षांवरील मुलांना रोज किमान एक तास धावण्या-खेळण्याचा व्यायाम हवा. उघड्यावरचा वेळ दृष्टीसाठीही हितकर असतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते. सकाळची घाई नसली की रात्र लांबते आणि उशिरा उठण्याची सवय साऱ्या घराला लागते. तेव्हा उठण्या-झोपण्याची वेळ मात्र शाळेसारखीच पाळावी.

शिकवणाऱ्या आईकडे पाहा

या साऱ्यात सर्वाधिक भार आईवर असतो. त्यातच घरात अंथरुणाला खिळलेले कुणी असेल, तर तिला दिवसात स्वतःचा क्षणही मिळत नाही. सतत चिडचिड, झोप न लागणे, कशातच मन न रमणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर त्याला स्वभाव म्हणू नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. 'टेलि-मानस' या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. तिला रोज अर्धा तास एकटीला मिळावा, आणि त्या वेळी मुलांचे वडील घरात असतील तर मुले त्यांच्याकडे असावीत. शिकवणे हे केवळ बायकांचे काम नव्हे.

दर रविवारी चहाच्या वेळी घरातील मोठ्यांनी एकत्र बसून तीन प्रश्न विचारावेत. या आठवड्यात कोण सर्वाधिक थकले? पुढच्या आठवड्यात त्याच्या खांद्यावरचे कोणते काम काढून घेता येईल? आणि मुले आनंदात आहेत ना? या प्रश्नांची उत्तरे सलग काही महिने निराशाजनक येऊ लागली, तर शाळेचा विचार मोकळेपणाने करावा. तो बोलून दाखवण्याचे धैर्य कित्येकदा आईवडिलांना होत नाही. घरातील वडीलधाऱ्याने कोणताही ठपका न ठेवता ते बोलावे. घरचे शिक्षण असो वा शाळेचे, मुलांना शांत मनाची आणि धडधाकट माणसे अवतीभोवती हवी असतात.