निम्म्या उपचाराचा हिशेब

१९७३ साली अमेरिकेतील सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या बारा वर्षांच्या मुलाला हाडाचा कर्करोग झाला. त्याचा पाय कापावा लागला आणि पुढे दीर्घकाळ मेथोट्रेक्सेट हे औषध मोठ्या मात्रेत द्यावे लागले. उपचार प्रायोगिक होता, म्हणून आरंभी तो सर्वच मुलांना विनामूल्य मिळे. औषध गुणकारी ठरले, प्रयोग संपला आणि बिले सुरू झाली. केनेडींचा मुलगा वाचला. परंतु घरदार गहाण टाकलेले इतर आईबाप डॉक्टरांना विचारीत होते की, निम्माच उपचार परवडला तर आमच्या मुलाच्या जगण्याची शक्यता किती? २००९ साली, मृत्यूच्या थोडे आधी, केनेडींनी हे लिहून ठेवले.

हा प्रश्न आपल्याकडे आजही जिवंत आहे. विशेषतः आजार उलटतो तेव्हा. ऑस्टिओसार्कोमा हा मुख्यतः वाढत्या वयातील मुलामुलींच्या हाडाचा रोग. केवळ अवयव कापण्याच्या काळात पाचांपैकी एखादाच रुग्ण वाचे. औषधे आणि शस्त्रक्रिया यांच्या जोडीने, रोग इतरत्र पसरलेला नसेल तर, चांगल्या केंद्रांत आता निम्म्याहून अधिक रुग्ण बरे होतात. परळच्या टाटा रुग्णालयाने तर मोठ्या मात्रेचे मेथोट्रेक्सेट वगळून देशाला पेलेल अशी औषधयोजना बसवली. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेचे हे कर्तृत्व आहे.

तरीही काहींचा आजार उलटतोच. बहुधा तो पहिल्या दोन-तीन वर्षांत आणि फुप्फुसात उलटतो. गाठी थोड्या असल्या आणि शस्त्रक्रियेने सर्व काढता आल्या, तर सुमारे तिघांपैकी एक रुग्ण पुढे पाच वर्षे जगतो. काढता आल्या नाहीत तर जवळजवळ कोणीच नाही. अर्थात सारी मदार गाठ वेळेवर सापडण्यावर आहे.

आता केळशीत बागेच्या मजुरीवर जगणारे कुटुंब डोळ्यांसमोर आणा. २०२३ साली राज्य सरकारने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत वाढवून ते सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय घेतला, हे स्वागतार्हच आहे. पण योजना मोजते ती शस्त्रक्रिया आणि औषधे. दर तीन महिन्यांनी मुंबई गाठायची म्हणजे बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्याचा खर्च आणि परळच्या फुटपाथवरची रात्र, हे तिच्या हिशेबात येत नाही. मुलगा हिंडताफिरता दिसतो, कर्ज फिटलेले नसते, आणि एक खेप चुकते. त्याच खेपेत गाठ सापडायची असते.

यावरचा उपाय महाग नाही. टाटा रुग्णालयातच ५०० सार्कोमा रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. फुप्फुसावर देखरेख ठेवण्यासाठी सीटी स्कॅनऐवजी साधा एक्स-रे वापरला तरी रुग्णांच्या जगण्यात घट होत नाही, असे तीत दिसले. हातापायांत परतलेली गाठ बहुतेक वेळा रुग्णाला स्वतःलाच प्रथम जाणवली होती. मग हा एक्स-रे दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात का निघू नये? त्याचे चित्र परळच्या तज्ज्ञांकडे का जाऊ नये? शंका आली तरच मुलाने मुंबईला जावे, आणि त्या प्रवासाचा व निवासाचा खर्च योजनेने द्यावा.

कोणी म्हणेल की, साधने तुटपुंजी असताना कमी आशेच्या रुग्णांवर खर्च का करावा? श्रीमंताच्या मुलाबाबत हा प्रश्न कोणी विचारीत नाही. शिवाय तिघांपैकी एक हा आकडा लहान नव्हे. जे वाचणार नाहीत त्यांनाही घराजवळ मॉर्फिन मिळून वेदनामुक्त राहण्याचा हक्क आहेच.

आपल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव अशा मुलांची तपासणीची तारीख लक्षात ठेवावी, आणि दापोलीतील या सोयीसाठी जिल्हा परिषदेपासून विधानसभेपर्यंत तगादा लावावा. निम्म्या उपचाराचा हिशेब आईबापांना करावा लागू नये, एवढी तरी समाजवादाची किमान मागणी असली पाहिजे.