न बोलणारा पट्टा

गाडीचे बहुतेक भाग निकामी होण्यापूर्वी काही ना काही सांगतात. ब्रेकचे पॅड झिजले की चाकातून किरकिर ऐकू येते. बॅटरी थकली की सकाळी इंजिन रेंगाळत सुरू होते. टायरची झीज तर डोळ्यांनाच दिसते. टायमिंग बेल्ट मात्र आवरणाआड दडलेला असतो आणि बहुधा अखेरच्या क्षणापर्यंत निमूटपणे काम करतो. त्याच्या बाबतीत लक्षणांची वाट पाहण्यात अर्थ नाही. तो केव्हा बदलला याची नोंद हाच एक भरवशाचा पुरावा.

या पट्ट्याचे काम समजले की त्याचे गांभीर्यही समजते. पिस्टनच्या हालचालीने क्रँकशाफ्ट फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या बरोबर निम्म्या गतीने फिरावा लागतो. हा मेळ दातेरी रबरी पट्टा राखतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. काही इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांची जागा एकच असते. केवळ वेळ वेगळी असते. अशा इंजिनात पट्टा तुटला, की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. मग सिलिंडर हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नसते, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत हा खर्च गाडीच्या किमतीलाच जाऊन भिडतो.

होंडा ओडिसीचे ३.५ लिटरचे व्ही-६ इंजिन याच जातीचे. देखभालीच्या सूचनेत ‘४’ हा उपअंक दिसला, की टायमिंग बेल्ट आणि स्पार्क प्लग बदलण्याची वेळ झाली असे समजावे. सर्वसाधारण वापरात ही वेळ एक लाख मैलांच्या आसपास येते. मात्र गाडी नेहमी ११० अंश फॅरनहाइटच्या वरच्या उन्हात किंवा उणे २० अंशांखालच्या थंडीत चालत असेल, तर ६०,००० मैलांवरच पट्टा बदलण्याची शिफारस आहे. फिनिक्सच्या उन्हाळ्यात राहणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. उलट चार सिलिंडरच्या अकॉर्डला २००३ पासून आणि सिव्हिकला २००६ पासून पट्ट्याऐवजी साखळी आहे. तेव्हा आपल्या गाडीत काय आहे, हे आधी पुस्तिकेत पाहावे.

गेल्या शरद ऋतूत आमच्या ओडिसीचा पट्टा मी घरच्या गॅरेजमध्ये बदलला. शनिवार आणि रविवार असे दोन्ही दिवस लागले. पट्ट्यासोबत ताण राखणारा टेन्शनर, त्याच्या पुल्या आणि पाण्याचा पंपही नवा घातला. पंप याच पट्ट्यावर फिरतो. तो पुढे गळू लागला तर हीच सारी उठाठेव पुन्हा करावी लागेल.

पहिली काळजी माणसाची. गाडी सपाट जागी असावी, बॅटरीची ऋण तार काढलेली असावी आणि गाडीचा भार जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवलेला असावा. इंजिनाचा एक माउंट काढावा लागतो. त्यापूर्वी इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून आधार द्यावा. काढलेले कूलंट चवीला गोड आणि विषारी असते. मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून ते दूर ठेवावे आणि विल्हेवाटीच्या केंद्रावर नेऊन द्यावे.

सर्वांत चिवट शत्रू म्हणजे क्रँक पुलीचा बोल्ट. पुली जखडून धरणारे ५० मिलिमीटरचे षट्कोनी साधन आणि लांब दांड्याचा पाना नसेल, तर कामाला हात घालू नये. पुढे क्रँकची खूण ऑइल पंपावरच्या खुणेशी आणि दोन्ही कॅमच्या खुणा मागच्या आवरणावरील खुणांशी जुळवाव्यात. जुना पट्टा काढताच मागचा कॅम स्प्रिंगच्या दाबाने झटकन सरकू शकतो. तेव्हा बोटे जपावीत. नवा पट्टा क्रँक, आयडलर, पुढचा कॅम, पाण्याचा पंप, मागचा कॅम आणि शेवटी टेन्शनरची पुली या क्रमाने चढवावा, आणि मगच टेन्शनरची पिन ओढावी.

यानंतर येतो कामाचा खरा कस. किल्ली फिरवण्याचा मोह आवरून इंजिन हाताने, पान्याच्या साहाय्याने, घड्याळाच्या दिशेने फिरवावे. स्पार्क प्लग काढलेले असले तर ते सहज फिरते. पाच-सहा फेरे पूर्ण करून सर्व खुणा पुन्हा तपासाव्यात. मध्येच काही अडल्यासारखे वाटले तर जोर न लावता थांबावे. हाताला जाणवलेला अडथळा पट्टा पुन्हा बसवून दूर होतो. स्टार्टरने तोच अडथळा ओलांडला तर व्हॉल्व्ह वाकतात. संगणकाच्या व्यवसायात आम्ही चाचणीवाचून बदल पुढे पाठवत नाही. येथे तर केलेला बदल मागे घेण्याची सोयही नसते.

म्हणून हे काम घरी करावे की नाही, याचे उत्तर हौसेत नसून सवडीत आहे. सोमवारी सकाळी हीच गाडी लागणार असेल, राहत्या संकुलात दुरुस्तीस मनाई असेल किंवा त्या इंजिनाची दुरुस्ती-पुस्तिका हाताशी नसेल, तर चांगल्या मेकॅनिककडे जाणेच शहाणपणाचे. त्याच्या मजुरीत या तपासणीचेही मोल असते.

नव्याने आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना एक विनंती. जुनी व्ही-६ गाडी घेताना रंग आणि सीट पाहण्यापूर्वी पट्टा बदलल्याची पावती मागा. पावती नसेल तर पट्टा बदललेलाच नाही असे धरून किंमत ठरवा. आणि ज्यांनी पट्टा बदलला आहे, त्यांनी तारीख व मैल एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवावेत. पुढच्या मालकाला त्या पट्ट्याविषयी सांगणारे दुसरे कोणी नसेल.